साधं की पॉवर? पेट्रोलमधल्या एका प्रश्नाची शंभर वर्षं

पेट्रोलपंपावर बाईक लावून टाकीचं झाकण उघडलं की दोन प्रश्न येतात. ‘कितीचं?’ आणि ‘साधं की पॉवर?’ पहिल्याचं उत्तर खिशाला माहीत असतं. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक जण अंदाजाने देतात. कुणी सांगतं, पॉवर टाकलं की पिकअप वाढतो. कुणी म्हणतं, इंजिन आतून साफ राहतं. कुणी महिन्यातून एक टाकी प्रीमियम पेट्रोल भरतं, पोट साफ व्हायला एरंडेल घ्यावं तसं. शिवाय स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर रंगीबेरंगी बाटल्या मांडलेल्या असतातच. टाकीत ओता, ॲव्हरेज वाढवा.

माझा एक मावसभाऊ पुण्यात घरोघर पार्सल पोचवतो. दिवसाला शंभरेक किलोमीटर, म्हणजे साधारण २ लिटर पेट्रोल. प्रीमियम लिटरमागे ७-८ रुपयांनी महाग. म्हणजे दिवसाला १५ रुपये, महिन्याला ४५०, वर्षाला ५ हजारांच्या वर. ‘दादा, खरंच फरक पडतो का रे?’ असं त्याने मला विचारलं, तेव्हा त्याच्यासाठी तो गंमतीचा प्रश्न नव्हता.

उत्तर खरं तर एका ओळीचं आहे. इंजिनाला जास्त ऑक्टेनची गरज असेल तर फरक पडतो, नसेल तर पडत नाही. आणि आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक बाईक्सना ती गरज नाही. मला जास्त छळणारा प्रश्न वेगळा होता. इतकं सोपं उत्तर शंभर वर्षांत पंपापर्यंत का पोचलं नाही? त्याचा माग काढत गेलो आणि एका टकटकीपासून सुरू झालेली गोष्ट लहान मुलांच्या रक्तापर्यंत जाऊन पोचली.

इंजिनातली टकटक

बाईकच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ यांचं मिश्रण येतं, पिस्टन ते दाबतो, प्लगची ठिणगी पडते आणि मिश्रण पेटतं. पेटतं म्हणजे एकदम फुटत नाही. प्लगपाशी ज्योत तयार होते आणि ती सिलिंडरभर पसरत जाते. पिस्टनला मिळणारा धक्का त्यामुळे सलग असतो.

हे मिश्रण पेटण्याआधी जितकं जास्त दाबाल, तितकं तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. किती पट दाबलं, त्या आकड्याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. हे इंजिन बनवणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. अडचण एकच होती. दाब एका मर्यादेपलीकडे नेला की ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकायचं. बाहेर आवाज यायचा टकटक असा, पत्र्याच्या डब्यात खडे वाजावेत तसा. यालाच नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिलं तर इंजिन तापतं, ताकद घटते आणि शेवटी पिस्टनला भोकही पडू शकतं.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो नावाच्या इंजिनिअरने या टकटकीचा पिच्छा पुरवला. चालू असताना दाब कमीजास्त करता येईल असं प्रयोगाचं इंजिन त्याने बांधलं आणि त्यात वेगवेगळी इंधनं जाळून पाहिली. दोष एकट्या इंजिनाचा नाही, इंधनाचाही आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. काही इंधनं लवकर भडकायची, काही बराच दाब सोसायची. बेंझिन सोसायचं, अल्कोहोल तर फारच सोसायचं. याच रिकार्डोने ट्रायम्फ कंपनीसाठी चार व्हॉल्व्हचं ५०० सीसीचं इंजिन आखलं. १९२१ मध्ये आलेली ती मोटरसायकल आजही ‘ट्रायम्फ रिकार्डो’ म्हणूनच ओळखली जाते. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर रेस लावणारे मोटरसायकलवाले पुढे अल्कोहोल मिसळलेलं इंधन सर्रास वापरू लागले. रेसच्या इंजिनात दाब जास्त, म्हणून इंधनही तसंच. इथे इंधनाचा फायदा खराखुरा होता.

शिसं, पण नाव न घेता

त्याच वर्षांत अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात चार्ल्स केटरिंग आणि त्याच्या हाताखालचा थॉमस मिजली हेही टकटकीच्या मागे लागले होते. मिजलीने १९१६ पासून एकामागून एक पदार्थ पेट्रोलमध्ये घालून पाहिले. आयोडीन चाललं, पण महाग. ॲनिलीन चाललं, पण वास भयंकर. टेल्युरियमचा वास तर अंगाला असा चिकटायचा की आंघोळीनेही जात नसे. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी त्याने टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग घालून पाहिलं. टकटक थांबली. आणि लागलं किती? पेट्रोलच्या साधारण हजारातल्या एका भागाहूनही कमी.

अल्कोहोलनेही टकटक थांबते हे मिजलीला पक्कं ठाऊक होतं. त्याने स्वतः ते दाखवून दिलं होतं. पण अल्कोहोल बरंच मिसळावं लागतं आणि ते कुणीही शेतकरी गाळू शकतो. त्यावर कुणाची मक्तेदारी चालत नाही. शिशाच्या थेंबाचं पेटंट घेता येत होतं.

२ फेब्रुवारी १९२३ रोजी ओहायो राज्यातल्या डेटन शहरात शिसं घातलेलं पेट्रोल पहिल्यांदा विकायला आलं. त्याचं नाव ‘एथिल’. नावात शिसं कुठेही नाही. त्याला लाल रंग दिला जाई, किंमत साध्यापेक्षा गॅलनमागे काही सेंट जास्त. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्यांनी एथिल वापरलं होतं. याहून मोठी जाहिरात कोणती? पुढच्या वर्षी जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने मिळून एथिल गॅसोलीन कॉर्पोरेशन काढली.

वेगळा रंग, थोडे जास्त पैसे, शर्यतीतला विजय आणि आत काय आहे त्याबद्दल मौन. प्रीमियम पेट्रोल विकायची रीत इथे तयार झाली. ती आजही फारशी बदललेली नाही.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाल्यासारखे वागू लागले. काहींना दोरखंडाने बांधून दवाखान्यात न्यावं लागलं. काही दिवसांत पाच जण मेले, तिसाहून जास्त दवाखान्यात पडले. वर्तमानपत्रांनी त्या पदार्थाचं नावच ‘वेडाचा गॅस’ ठेवलं. डेटन आणि डीपवॉटरच्या कारखान्यांत कामगार त्याआधीच दगावू लागले होते. भीती शमवायला मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखवली. त्याच्या आदल्याच वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे त्याला स्वतःला रजा काढून फ्लोरिडाला जावं लागलं होतं. ते त्याने तिथे सांगितलं नाही.

मे १९२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने वॉशिंग्टनला बैठक बोलावली. कारखान्यांतल्या विषबाधेवर आयुष्य घालवलेल्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन तिथे होत्या. शिसं बाजारात आणूच नका, टकटक थांबवणारं दुसरं काहीतरी शोधा, असं त्यांचं म्हणणं होतं. विक्री काही महिने थांबली. नेमलेल्या समितीने २५२ माणसांची तपासणी केली आणि जानेवारी १९२६ मध्ये अहवाल दिला: बंदी घालण्याइतकं कारण दिसत नाही. दीर्घकाळ अभ्यास चालू ठेवावा, असंही तिने लिहिलं होतं. ते वाक्य फायलीत राहिलं, शिसं मात्र जगभर गेलं.

ऑक्टेन म्हणजे काय

‘हे पेट्रोल चांगलं’ म्हणायचं तर मोजायचं कसं? १९२६ मध्ये एथिल कंपनीच्याच ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने मोजपट्टी सुचवली. एक द्रव फार लवकर टकटकतो, नॉर्मल हेप्टेन, त्याला शून्य. दुसरा दाब चांगला सोसतो, आयसोऑक्टेन, त्याला १००. यातलं शुद्ध हेप्टेन मिळायचं एका जातीच्या पाइन झाडाच्या डिंकातून. मग कुठलंही पेट्रोल ठरावीक चाचणी-इंजिनात जाळायचं आणि या दोघांच्या कोणत्या मिश्रणाइतकं ते सोसतं ते पाहायचं. ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकं सोसलं, तर ते ९१ ऑक्टेनचं.

ऑक्टेन हा असा सोसण्याचा आकडा आहे. तो ताकदीचा आकडा आहे असं आपण समजतो, तिथेच सगळा घोळ होतो. एक लिटर ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये आणि एक लिटर १०० ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये ऊर्जा जवळपास सारखीच असते. वजन उचलणाऱ्या दोघांपैकी एकाची क्षमता शंभर किलोची आणि दुसऱ्याची साठची असेल, पण पोतं पन्नास किलोचं असेल, तर कुणीही उचललं तरी पोतं पन्नासचंच राहतं.

पोतं खरंच शंभर किलोचं असेल तेव्हा मात्र फरक जीवनमरणाचा होतो. १९४० मध्ये ब्रिटनच्या लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचं इंधन मिळू लागलं. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात त्यामुळे सुपरचार्जरने आधीपेक्षा कितीतरी जास्त दाबाने हवा कोंबता आली आणि खालच्या उंचीवर विमानाचा वेग वाढला. पण लक्षात घ्या, नुसतं इंधन बदलून हे झालं नाही. वाढलेला दाब वापरायची सोय इंजिनात करावी लागली, तेव्हा ते ऑक्टेन कामी आलं.

बुलेट काहीही का पिते

त्याच युद्धाने जमिनीवर उलटं घडवलं. ब्रिटनमध्ये सगळ्या कंपन्यांचं पेट्रोल एकत्र करून एकच ‘पूल पेट्रोल’ विकायला सुरुवात झाली. त्याचं ऑक्टेन सत्तरीच्या घरात होतं. युद्ध संपलं तरी ते १९५३ पर्यंत चालू राहिलं. त्या काळातल्या ब्रिटिश मोटरसायकलींचं कॉम्प्रेशन म्हणूनच कमी ठेवलेलं असे. इंधन हलकं, तर इंजिनही सोशीक.

रॉयल एनफिल्डची ३५० सीसी बुलेट याच वर्षांतली, १९४८-४९ ची. पुढे १९५५ मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाली आणि ती आपली झाली. आपल्याकडच्या जुन्या लोखंडी बुलेटचं कॉम्प्रेशन ६.५:१ होतं. ‘बुलेट काहीही पिते’ असं गावाकडचे मेकॅनिक म्हणतात, त्यामागे हा इतिहास आहे. भिकार पेट्रोलच्या काळात जन्मलेल्या इंजिनाला प्रीमियम पाजण्यात काय मतलब? त्याला ते कळतच नाही.

आजची क्लासिक ३५० ९.५:१ वर चालते. केटीएमची ३९० बाराच्या वर जाते, लिटरभर क्षमतेच्या सुपरबाईक्स १३ च्या आसपास. हे आकडे ‘साधं की पॉवर’चं अर्धं उत्तर आहेत. राहिलेलं अर्धं उत्तर इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे ईसीयूमध्ये असतं. महागड्या गाड्यांच्या इंजिनाला नॉक सेन्सर असतो. तो टकटक ऐकतो आणि ठिणगीची वेळ मागेपुढे करतो. अशा इंजिनाला जास्त ऑक्टेन दिलं तर ते थोडा फायदा काढू शकतं. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या रोजच्या बाईक्सना सहसा हा सेन्सर नसतो. ठिणगी कधी टाकायची हे कारखान्यात साध्या पेट्रोलवर ठरवून दिलेलं असतं. टाकीत ९१ आहे की १०० हे त्या बाईकला समजायला मार्गच नाही.

आपल्या घरातलं ‘ॲडिटिव्ह’

पेट्रोलमध्ये काहीतरी मिसळायची सवय आपल्या आधीच्या पिढीला टू-स्ट्रोकने लावली. आमच्याकडे स्कूटर होती. पंपावर बाबा आधी ऑइल ओतायला लावायचे, लिटरला २० मिली, मग पेट्रोल, आणि मग स्कूटर दोन्ही हातांनी डावीउजवीकडे हलवायचे, नीट मिसळावं म्हणून. मला तो पूजेसारखा विधी वाटे. पण त्यात अंधश्रद्धा काहीच नव्हती. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. ऑइल विसरलात तर पिस्टन जाम. स्कूटर, राजदूत, येझदी सगळ्यांचं हेच. आरएक्स-१०० मध्ये ऑइलची वेगळी टाकी आली, तरी ऑइल जळायचंच.

त्यामुळे ‘पेट्रोल एकटं पुरत नाही, त्यात काहीतरी घालावं लागतं’ हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं. फोर-स्ट्रोक आली, ऑइल इंजिनाच्या पोटात वेगळं गेलं, तरी सवय राहिली. बाटल्या विकणाऱ्यांना ती आयती मिळाली.

ऑइलची किंमत धुराने मोजावी लागली. लोक हात सैल सोडून ऑइल ओतायचे, निळा धूर वाढायचा. १९९८ अखेरीस दिल्लीत सुटं ऑइल ओतणं बंद करून पंपावरच मोजून मिसळलेलं पेट्रोल देणं सक्तीचं झालं. २००० नंतरच्या कडक नियमांनी टू-स्ट्रोक बाईक्स हळूहळू बाजारातून गेल्या.

धूर डोळ्यांना दिसत होता. शिसं दिसत नव्हतं.

रक्तातलं शिसं

शिशाची गोष्ट उघडकीला आणणारा माणूस पेट्रोलचा अभ्यासक नव्हताच. क्लेअर पॅटरसन हा अमेरिकी शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय मोजत होता. त्यासाठी उल्केतलं शिसं मोजायचं, तर प्रयोगशाळेतल्या धुळीत, पाण्यात, त्वचेवर, जिकडेतिकडे शिसं. अत्यंत स्वच्छ खोली उभारून त्याने अखेर १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असं मांडलं. मग त्याने विचारलं, की हे बाकीचं शिसं आलं कुठून? ग्रीनलँडच्या बर्फाच्या जुन्या थरांत ते फार कमी होतं, अलीकडच्या थरांत वाढत गेलेलं. १९६५ मध्ये त्याने लिहिलं, की माणसाच्या शरीरातलं ‘नेहमीचं’ म्हणून मानलेलं शिसं नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट आहे. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून तपासले. ज्यांच्या दातात शिसं जास्त, त्यांची बुद्धिमत्तेच्या चाचणीतली कामगिरी आणि वर्गातलं लक्ष कमी.

भारतात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं. कारण होतं नव्या गाड्यांमधले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. शिशाने ते निकामी होतात. संपूर्ण देशातून शिसं गेलं २००० मध्ये. मुंबईतल्या मुलांच्या रक्ताच्या दोन पाहण्या आहेत. १९९७ मध्ये तपासलेल्या मुलांपैकी ६० टक्क्यांहून जास्त मुलांच्या रक्तात शिसं त्या काळच्या धोक्याच्या पातळीवर होतं. शिसं बंद झाल्यावर, २००२ मध्ये, तो आकडा एक तृतीयांशावर आला.

मी हे आकडे वाचले तेव्हा थोडा वेळ पुढचं वाचवेना. नव्वदच्या दशकात शहरात वाढलेला कुणीही त्या पाहणीत असू शकला असता. रस्त्याच्या कडेला क्रिकेट खेळणारी, सिग्नलला स्कूटरवर पुढे उभी राहणारी मुलं. टकटक थांबली ती इंजिनाची, आणि त्याचे पैसे मोजले ते ज्यांच्याकडे गाडीही नव्हती त्यांनी.

शिसं जाताना नवी भीती आली. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवायचा, हे खरं आहे. ज्यांची बैठक मऊ धातूची, त्या जुन्या इंजिनांना लांबच्या, वेगाच्या प्रवासात त्रास होऊ शकत होता. ‘शिशाऐवजी हे घाला’ म्हणणाऱ्या बाटल्या लगेच आल्या. नव्या इंजिनांच्या बैठकी कडक धातूच्या होत्या. त्यांना त्या बाटल्यांची गरज नव्हती, तरी विकणाऱ्यांनी फरक सांगितला नाही.

साफसफाईची खरी गोष्ट

सगळ्याच ॲडिटिव्हना एका माळेत ओवणं मात्र अन्यायाचं होईल. पेट्रोल जळताना आणि तापताना चिकट थर बसतो. कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत, इंजेक्टरच्या टोकाशी, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर. हा थर बसू न देणारी डिटर्जंट रसायनं आहेत आणि ती काम करतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संघटनेने तुलना केली. ४ हजार मैलांनंतर चांगलं डिटर्जंट असलेल्या पेट्रोलवर चाललेल्या इंजिनात इतर पेट्रोलपेक्षा सरासरी १९ पट कमी थर होता.

त्याच वर्षी याच संघटनेने दुसरीही चाचणी केली. साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांत प्रीमियम भरून पाहिलं. ना ताकद वाढली, ना ॲव्हरेज. अमेरिकी लोक अशा अनावश्यक प्रीमियमवर वर्षाला २०० कोटी डॉलरहून जास्त उधळतात, असा हिशेब तिने मांडला. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. डिटर्जंट वेगळं, ऑक्टेन वेगळं. पंपावर मात्र दोन्ही एकाच ‘प्रीमियम’ शब्दात बांधून मिळतात.

आपल्याकडे २००२ च्या सुमारास तेल कंपन्यांनी ब्रँडेड पेट्रोल आणलं. सुरुवातीच्या या पेट्रोलमध्ये मुख्य जादा गोष्ट होती ती डिटर्जंट ॲडिटिव्हची. ऑक्टेन बहुतेक ठिकाणी साध्याइतकंच, ९१. लोक मात्र ते ‘पॉवर’साठी भरत होते. खऱ्या अर्थाने वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल नंतर आलं. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने मुंबई-पुण्यासह दहा शहरांत १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, दिल्लीत लिटरला १६० रुपयांना. ज्यांच्या सुपरबाईकला ते लागतं त्यांची सोय झाली. सव्वाशे सीसीच्या बाईकमध्ये ते भरणं म्हणजे पन्नास किलोच्या पोत्याला शंभर किलोवाला हमाल.

दुकानातल्या ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांचा एक खेळही सांगून ठेवतो. ‘३० पॉइंट वाढवतो’ असं लिहिलेलं असलं, तरी अनेकदा एक पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन. तीस पॉइंट म्हणजे तीन. काही बाटल्यांत मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असतात. लोखंडाच्या संयुगाने प्लग तांबूस होतो, त्यावर थर बसतो, आणि ज्या इंजिनाची काळजी घ्यायला बाटली आणली त्याचाच प्लग खराब होतो.

मिरजेहून परत आलेलं अल्कोहोल

मिजलीने बाजूला सारलेलं अल्कोहोल ऐंशी वर्षांनी परत आलं, आणि आपल्या भागातून आलं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे भारतातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या बरेलीला झाले. उसाची मळी, साखर कारखाने, डिस्टिलरी हे सगळं पश्चिम महाराष्ट्रात होतंच. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के, २०२२ मध्ये देशभर सरासरी १० टक्के, आणि २०२५ मध्ये २० टक्के, म्हणजे ई-२०.

आता गंमत बघा. इथेनॉल दाब फार सोसतं, त्यामुळे ई-२० चं ऑक्टेन ९५ असल्याचं सरकार सांगतं. म्हणजे काही वर्षांपूर्वी जो आकडा प्रीमियमच्या पाटीवर होता, तो आता साध्या पंपावर आला आहे. पण आपलं ॲव्हरेज वाढलं का? नाही, थोडं घटलं. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं, की आधीच्या इंधनासाठी बनलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर ३-४ टक्क्यांनी घटेल. ऑक्टेन चढलं आणि ॲव्हरेज उतरलं. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, याचा याहून चांगला पुरावा सापडणार नाही, आणि तो रोज आपल्या टाकीत आहे.

ही घटलेली ऊर्जा कुठल्याही बाटलीने भरून येत नाही. बाजारात मात्र ‘इथेनॉलपासून संरक्षण’ म्हणून नव्या बाटल्या आल्याच आहेत. खरी काळजी दोनच बाबतींत आहे. बाईक जुनी असेल तर रबरी नळ्या आणि सील तपासून, लागल्यास बदलून घ्याव्यात. आणि बाईक महिनोन्महिने उभी राहणार असेल तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकी अर्धी ठेवून गावाला जाऊ नये.

मग टाकायचं काय

बाईकबरोबर आलेलं मॅन्युअल उघडा. त्यात कमीत कमी किती ऑक्टेन हवं ते लिहिलेलं असतं. पंपावरचं साधं पेट्रोल तितकं असेल तर तेच भरा. मॅन्युअलने ९५ किंवा त्याहून वरचं मागितलं असेल आणि साध्यात ते नसेल, तर प्रीमियमचे पैसे जरूर द्या. तिथे ते वाया जात नाहीत. घाट चढताना साधी बाईक टकटकायला लागली तर आधी मेकॅनिकला दाखवा. कार्बन साचलाय का, प्लग चुकीचा बसलाय का, इंजिन तापतंय का, हे बघणं पेट्रोल बदलण्याच्या आधीचं काम आहे. कार्ब्युरेटरची जुनी बाईक असेल, बराच काळ उभी असेल, तर चांगल्या डिटर्जंटची एक बाटली उपयोगी पडू शकते. दर महिन्याला एरंडेल मात्र नको.

वर्षाचे जे ५ हजार वाचतात, त्यात वेळेवर ऑइल बदलणं, एअर फिल्टर, चेन आणि टायरमधली हवा हे सगळं बसतं. ॲव्हरेज त्यानेच वाढतं, पण त्याची जाहिरात कुणी करत नाही.

जगातला शिसंवाल्या पेट्रोलचा शेवटचा पंप अल्जीरियात जुलै २०२१ मध्ये बंद झाला. डेटनमधल्या पहिल्या विक्रीपासून ९८ वर्षांनी. म्हणून बाटली घेताना मी आता एकच गोष्ट करतो. किती वाढेल ते न वाचता ती उलटी फिरवतो आणि आत काय आहे ते शोधतो. लिहिलेलं नसेल तर परत ठेवतो. १९२३ सालीही ते लिहिलेलं नव्हतं.